जुनी मोटारसायकल ऑनलाइन बोलीवर विकताना: पैसे, ताबा आणि आरसीवरचे नाव

सह्यवाट (पुणे)

माझ्याकडे २०१८ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे. पासिंग एमएच-१२ चे, पहिला मालक मीच, गाडीत एबीएस नाही. नोकरीनिमित्त बंगळुरूला जायचे आहे आणि तिकडचा रोड टॅक्स भरून गाडी नेण्यापेक्षा ती इथेच विकावी, असे घरात ठरले आहे. कर्ज केव्हाच फिटले आहे, मात्र आरसीवर बँकेचे नाव अजून दिसते.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एका संकेतस्थळाचा माणूस घरी येऊन गाडी तपासतो, नंतर फक्त त्यांच्याकडे नोंदलेले व्यापारी ठरावीक वेळेत बोली लावतात. दुसऱ्या ठिकाणी आपण किमान किंमत ठरवून जाहिरात टाकायची, कोणीही बोली लावायची आणि मुदत संपली की सर्वांत वरच्या बोलीवाल्याला आपला क्रमांक मिळतो. दुसरीकडे पैसे बरे मिळतील असे दिसते, पण अनोळखी माणसाशी व्यवहार करताना नेमकी कुठे काळजी घ्यावी? ज्यांनी स्वतः अशी गाडी विकली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

भीमथडी

सह्यवाट, आधी कागद सरळ करा, बोलीचे नंतर पाहू. आरसीवर बँकेचा बोजा आहे तोपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा संपल्याचा फॉर्म) घ्या, परिवहनच्या पोर्टलवर बोजा उतरवण्याचा अर्ज करा आणि आरसीवर बदल दिसल्यावरच जाहिरात टाका. "कर्ज फिटलंय, एनओसी देतो नंतर" असे सांगितले की चांगला गिऱ्हाईक मागे सरतो आणि उरतात ते भाव पाडणारे.

दुसरी गोष्ट म्हणजे नंबर प्लेट. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बसवून घ्यावी लागेल, नाहीतर आरटीओत हस्तांतराचे काम अडते. त्याच वेळी ई-चलन थकले आहे का तेही पाहा. पीयूसी आणि विमा चालू ठेवा. सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीत तुमचा जो मोबाइल क्रमांक नोंदला आहे तो अजून तुमच्याकडेच आहे ना, याची खात्री करून घ्या, कारण पुढचे निरोप त्याच क्रमांकावर येणार आहेत. जुना क्रमांक बंद पडलेला असेल तर हे काम सर्वांत आधी करा.

मुळाकाठ

मी व्यापाऱ्यांच्या बोलीवर माझी होंडा युनिकॉर्न दिली. वेळ फार वाचतो, हे खरे. मात्र पडद्यावर दिसलेली बोली आणि हातात पडणारी रक्कम यांत फरक पडू शकतो, हे ध्यानात ठेवा. गाडी न्यायला आलेला माणूस पुन्हा एकदा तपासणी करतो, चेन-स्प्रॉकेट झिजले आहे, पुढच्या शॉकअपला तेल सुटले आहे, असे सांगतो आणि आकडा खाली आणतो. त्यामुळे पहिल्या तपासणीचा अहवाल लेखी मागून घ्या. त्या अहवालात जे दोष आधीच लिहिले आहेत, त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा कपात मान्य करायची नाही.

बँकवाली

मी एका बँकेच्या शाखेत काम करते. जुन्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांच्या तक्रारी आमच्या काउंटरवर येतात, म्हणून पैशांच्या बाजूने लिहिते.

पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोणताही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे येताना नाही. समोरचा माणूस स्वतःला सैन्यातला सांगतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, "बदली झाली आहे, गाडी न बघताच घेतो" म्हणतो आणि विसाराचे पैसे पाठवण्यासाठी क्यूआर धाडतो. आधी एक-दोन रुपये खरोखर पाठवून विश्वास बसवतो, मग मोठा कोड येतो. न बघता, न घासाघीस करता लाखाची गाडी घेणारा माणूस भेटला, तर तिथेच बोलणे थांबवा.

दुसरा प्रकार खोट्या संदेशाचा. "तुमच्या खात्यात १,०२,००० जमा" असा एसएमएस येतो, पण तो दहा आकडी साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला असतो. समोरच्याच्या मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण दिसते, तीही बनावट ॲपवर दाखवता येते. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक स्वतः पाहावी आणि मगच चावी द्यावी. कोणी चुकून जास्त पैसे पाठवल्याचे सांगून वरची रक्कम परत मागत असेल, तर ती परस्पर परत करू नका, बँकेत या.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा सांगते. व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयने साधारण एका दिवसात एक लाखापर्यंतच पैसे पाठवता येतात. त्याच्या वरची किंमत ठरली असेल, तर आयएमपीएस किंवा एनईएफटी करायला सांगा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, त्यामुळे "रविवार आहे, उद्या टाकतो" ही सबब चालत नाही. धनादेश वटेपर्यंत गाडी देऊ नये. डिमांड ड्राफ्टही खोटा निघू शकतो, तो काढणाऱ्या शाखेकडून खात्री झाल्याशिवाय खरा धरू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

बँकवाली ताईंनी सांगितलेले प्रकार आता बहुतेकांना ऐकून माहीत झाले आहेत. आमच्या शेजारच्या काकांच्या बाबतीत घडले ते वेगळे होते आणि सगळ्यांनी ते नीट वाचावे, असे मला वाटते.

काकांनी स्प्लेंडरची जाहिरात ४८,००० ला टाकली. एकाने फोन करून किंमत जशीच्या तशी मान्य केली आणि सांगितले, "गाडी बघायला माझा मेहुणा येईल. त्याचे माझ्याकडे काही पैसे राहिले आहेत, ते मी या गाडीत वळते करणार आहे, म्हणून त्याच्यासमोर किमतीचा विषय काढू नका." त्याच माणसाने काकांचे फोटो उचलून दुसरीकडे तीच गाडी ३०,००० ला टाकली होती. तिथे एका मुलाने संपर्क केला, तर त्याला सांगितले, "गाडी माझ्या काकांच्या घरी उभी आहे, बघून घ्या, पण ते वयस्कर आहेत, पैशांचे त्यांच्याशी बोलू नका." मुलगा आला, गाडी बघितली, चहा झाला, आरसी दाखवली गेली. दोघेही भले आणि दोघेही गप्प! मुलाने अंगणात उभे राहून ३०,००० त्या फोनवरच्या माणसाला पाठवले आणि चावी मागितली. काका म्हणाले, माझे पैसे कुठे आहेत? त्यानंतर दोघांनीही फोन लावला, तेव्हा तो बंद होता.

काकांनी चावी दिली नाही, म्हणून त्यांची गाडी वाचली. पण त्या मुलाचे पैसे गेले आणि दोन्ही घरचे लोक पोलीस ठाण्यात एकमेकांकडे संशयाने बघत बसले. म्हणून दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही ही जाहिरात कुठे पाहिली, किती किमतीला पाहिली आणि पैसे कोणाच्या खात्यात टाकणार आहात? फोनवर बोलणारा, गाडी बघणारा, पैसे देणारा आणि ज्याच्या नावावर गाडी चढणार तो, हे सगळे एकच असले पाहिजेत किंवा समोरासमोर बसलेले तरी असले पाहिजेत.

रानवाटा

वरचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. फोटो उचलता येऊ नयेत, यासाठी एक सोपा उपाय आहे. एका कागदावर संकेतस्थळाचे नाव, आपले शहर आणि किंमत ठळक लिहून तो कागद टाकीवर ठेवावा आणि मग फोटो काढावा. नंबर प्लेट मात्र झाकावी, असे माझे मत आहे. तो क्रमांक दुसऱ्या गाडीला लावून कोणी फिरले, तर चलने आपल्या घरी येतात.

भीमथडी

कागदाची युक्ती उत्तम. नंबर प्लेटबाबत मात्र मी सहमत नाही. गाडी रोज रस्त्यावर उभी असते, क्रमांक तिथेही दिसतोच. उलट झाकलेली पाटी पाहून खरा खरेदीदार बिचकतो, कारण त्याला सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीची नोंदणी, विमा आणि बोजा पाहायचा असतो. झाकायचेच असेल, तर आरसीचा आणि आधारचा फोटो जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲपवर देऊ नका. त्या दोन कागदांवर आपले बरेच काही असते.

रानवाटा

खरेदीदाराला क्रमांक फोनवर सांगता येतोच की. जाहिरातीत तो साऱ्या जगाला कशाला दाखवायचा? मी झाकूनच विकली आणि गिऱ्हाइकांनी स्वतः फोन करून क्रमांक विचारला. असो, ज्याने त्याने ठरवावे.

टेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

इथे मी होंडाची मोटारसायकल ईबेवर लिलावाने विकली, म्हणून तुलनेसाठी लिहितो. भारतात २०१८ साली ईबेचे संकेतस्थळ बंद झाले, इकडे मात्र गाड्यांचा लिलाव अजूनही सर्रास होतो.

इथे मला सर्वांत भावले ते नाव बदलण्याचे काम. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, म्हणजे व्ही-५-सी वर, एक अकरा आकडी क्रमांक असतो. विकणाऱ्याने डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या, संकेतस्थळावर तो क्रमांक आणि नव्या माणसाचे नाव-पत्ता भरला, की दारात उभ्या उभ्या आपली जबाबदारी संपते आणि भरलेल्या रोड टॅक्सपैकी उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे आपल्याला परत मिळतात. खरेदीदाराच्या हातात फक्त हिरवी चिठ्ठी द्यायची.

पैशांचे सापळे मात्र इथेही आहेतच. पेपालने पैसे भरायचे, गाडी स्वतः येऊन न्यायची आणि नंतर "वस्तू मिळालीच नाही" अशी तक्रार करायची, हा जुना प्रकार आहे. कुरिअरची पावती नसल्यामुळे विकणाऱ्याला काही सिद्ध करता येत नाही. म्हणून मी दारातच बँकेतून बँकेत पैसे घेतले. लिलावाबद्दल इतकेच सांगेन, की गाडीचे दोष जाहिरातीतच लिहून टाका. माझ्या गाडीच्या टाकीला खोक होती, तिचा मी जवळून फोटो दिला होता. त्यामुळे घ्यायला आलेल्या माणसाला भाव पाडण्यासाठी नवे काही सापडले नाही.

विधिज्ञा

टेम्सकाठ यांनी सांगितलेली तत्परता आपल्याकडे नाही आणि खरी जोखीम तिथेच आहे. वरच्या बहुतेक प्रतिसादांत पैसे बुडण्याची चिंता आहे, ती योग्यच आहे. परंतु पैसे पूर्ण मिळाल्यानंतरही विक्रेता मोकळा होत नाही, हे मी वकील म्हणून आग्रहाने सांगू इच्छिते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे सर्वसाधारणपणे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. त्या प्रकरणातील मोटार २००७ साली विकली गेली, पुढे ती आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. गाडी आपल्या ताब्यात नाही, पैसे केव्हाच मिळाले, हे सांगून तो सुटू शकला नाही.

कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विक्रेत्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, त्यासाठी फॉर्म २९ आहे. फॉर्म ३० हा हस्तांतराचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. आता माझा कळीचा मुद्दा असा, की या दोन्ही फॉर्मवर कोऱ्या सह्या करून ते एजंटाच्या किंवा व्यापाऱ्याच्या हवाली करू नका. खरेदीदाराच्या नावाची जागा रिकामी असलेला फॉर्म सहा-सहा महिने एखाद्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो, गाडी तीन जणांना विकली जाते आणि कायद्याच्या नजरेत ती तुमचीच असते. त्या काळात गाडी गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस पहिल्यांदा तुमचेच दार ठोठावतील.

मुळाकाठ

विधिज्ञा, म्हणूनच व्यापाऱ्याला दिलेली बरी ना? व्यापाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत, असे ऐकून आहे.

विधिज्ञा

होय, केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार नोंदणी प्राधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या व्यापाऱ्याला गाडी दिल्यावर पोर्टलवर तशी सूचना नोंदवली, की तेव्हापासून त्या व्यापाऱ्यालाच मालक मानले जाते. ही तरतूद विक्रेत्याच्या फार हिताची आहे. मात्र तिचा लाभ प्राधिकृत व्यापारी असेल तरच मिळतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र मागा आणि सूचनेची पोचपावती हातात आल्याशिवाय गाडी देऊ नका. संकेतस्थळाचे नाव मोठे आहे, म्हणून बोली लावणारा प्रत्येक व्यापारी प्राधिकृत असेलच, असे धरून चालू नका.

मांडवी (पणजी)

सह्यवाट यांना माझा एक प्रश्न आहे. बोलीत परराज्यातला माणूस आला तर काय करणार? आमच्याकडच्या खरेदीदारांना पुण्यातल्या बुलेट आवडतात, पण गोव्यात नोंद करायची तर फॉर्म २८ वर पुणे आरटीओची एनओसी, शिवाय इथला कर. ते सगळे होईपर्यंत गाडी तुमच्याच नावावर राहणार. माझ्या मते जाहिरातीतच "फक्त महाराष्ट्रातील नोंदणीसाठी" असे लिहावे. बोली चारदोन हजारांनी कमी आली तरी चालेल.

सह्यवाट

सर्वांचे मनापासून आभार. मांडवी, तुमचा मुद्दा पटला, तसेच लिहितो. मला अजून चाचणी फेरीची भीती वाटते. अनोळखी माणसाला चावी द्यायची कशी?

पंचगंगाकाठ

आधी परवाना पाहा, तोही मूळ, आणि चेहऱ्याशी जुळवून. परवाना नसलेल्याला गाडी चालवू दिली, तर मालकालाही दंड होतो, हे लक्षात असू द्या. तो ज्या गाडीवरून आला ती तुमच्या आवारात उभी करून तिची चावी घ्या आणि तुम्ही स्वतः मागे बसा. सोसायटीच्या फाटकाजवळ, कॅमेऱ्यासमोर भेटा. सोबत आलेला मित्र "ओळख" म्हणून मागे ठेवतात, पण तो मित्र दुसऱ्या मिनिटाला पसार होऊ शकतो.

चाकजोड

मी गॅरेज चालवतो. गिऱ्हाइकाला फेरीची घाई का होते, तर त्याला इंजिनाचा अंदाज घ्यायचा असतो. सकाळी गार इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ जाहिरातीत टाका. किक किंवा स्टार्टर, मग आवाज, सायलेन्सरचा धूर, मीटरचा आकडा, सगळे एकाच सलग चित्रणात असू द्या. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ ३४२१, म्हणजे २०२१ सालचा चौतिसावा आठवडा. त्याचाही फोटो द्या, जाणकार माणूस तेच बघतो. सर्व्हिसिंगची बिले एका पिशवीत ठेवा. इतके पाहून जो येतो, तो बहुधा घ्यायलाच येतो, नुसते फिरायला नाही. आणि विकण्याआधी गाडीला नवा रंग, नवे सीट कव्हर असला खर्च करू नका. तो वसूल होत नाही, वर काहीतरी लपवले आहे, असा संशय येतो.

भीमथडी

सह्यवाट, आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या दोन पर्यायांपैकी मी दुसराच घेईन, पण पुढील क्रमाने. बोली संपल्यावर खरेदीदाराला घरी बोलवा, गाडी दाखवा, विसार म्हणून लहान रक्कम खात्यावर घ्या आणि तो कोणत्या परिस्थितीत परत करणार, हे लिहून द्या. मग दोघांनी आधारच्या ओटीपीने परिवहनच्या पोर्टलवर हस्तांतराचा अर्ज भरा. तुमचा ओटीपी तुम्हीच तुमच्या फोनवरून टाका, तो एजंटाला सांगू नका. अर्जाचा क्रमांक मिळाला, उरलेले पैसे खात्यात दिसले, की त्याच बैठकीत ताबा द्या.

ताबा पावती करा. तिच्यात चेसिस आणि इंजिन क्रमांक, मीटरचा आकडा, किंमत, पैसे आल्याचा व्यवहार क्रमांक आणि मुख्य म्हणजे तारखेसोबत वेळही लिहा. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी दिली आणि सातला त्याने सिग्नल तोडला, तर ते चलन कोणाचे, हे त्या एका ओळीवरून ठरवता येते. खरेदीदाराच्या आधारची झाकलेल्या क्रमांकाची प्रत, परवान्याची प्रत, गाडीसोबतचा त्याचा फोटो, हे सगळे जपून ठेवा.

विधिज्ञा

भीमथडी यांच्या क्रमात मी एक भर घालते. नाव बदलेपर्यंत किमतीतला काही भाग खरेदीदाराने रोखून ठेवावा, असा प्रस्ताव अनेकदा येतो. विक्रेत्याने तो स्वीकारू नये. उलट विक्रेत्याने त्याच्याकडून थोडी अनामत घ्यावी आणि नवी आरसी दिसल्यावर ती परत करावी. नाव बदलून घेण्याची घाई ज्याला नसते, त्याला ती अनामत घाई लावते.

मुळाकाठ

हे ऐकायला छान आहे, पण बाजारात असे कोण देईल? माझ्या ओळखीतल्या एकानेही दिली नसती.

विधिज्ञा

सगळे देणार नाहीत, हे मान्य. जो देत नाही त्याच्यासोबत अर्ज ताब्याच्या आधी पोर्टलवर भरला गेलाच पाहिजे, यावर ठाम राहा. यात तडजोड करू नका. वरच्या बोलीवाल्याने नकार दिला, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला फोन करा.

सह्यवाट

बोजा उतरवण्याचा अर्ज आज केला, नंबर पाटीची वेळही घेतली. आरसी स्वच्छ झाली की जाहिरात टाकेन आणि भीमथडींच्या क्रमानेच जाईन. शेवटची शंका विम्याची आहे. पॉलिसी अजून काही महिने चालू आहे आणि मला नो क्लेम बोनस बराच मिळतो. पॉलिसी आताच रद्द करू का?

बँकवाली

आता रद्द करू नका, हस्तांतराच्या वेळी चालू विमा लागतोच. गाडी विकल्यावर तृतीय पक्षाचे संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडीसोबत जाते. पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी खरेदीदाराने चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो, तो त्याच्याकडून करून घ्या. नो क्लेम बोनस मात्र तुमचा आहे, तो गाडीसोबत जात नाही. कंपनीला विक्रीची पावती आणि हस्तांतराचा पुरावा दाखवून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्या. ते तीन वर्षे चालते. बंगळुरूत नवी दुचाकी घ्याल, तेव्हा विम्याच्या हप्त्यात तेवढी सूट मिळेल.